वेदूले पह्यले कोन ओवाळनार

२१ डिसेंबर, रविवार

नाई बापा, रुसून-बिसून नोती बसली मी! अन् कोनं धरून बी नाई आनलं. माह्याच पायानं आली, दोन एसट्या बदलून. वावरात कापूस फुटून पडला हाय, येचाले बाया भेटून नाई राह्यल्या, ते सारं रूपरावच्या, माह्या दिराच्या, गळ्यात घातलं अन् आली. काऊन आली? पोरीनं बोलावलं म्हनून आली. माह्या नातीनं, वेदूनं. येत्या रविवारी सहा वर्साची होते. फोनवर म्हने, "आजी, माझ्या बर्थडेला तूच मला ओवाळायचं. पहिले तू. मग बाकीच्या."

आता माह्यासारखीले असं कोन म्हनते? माहा नवरा, चंद्रभान, गेला तवापासून कोन्या लेकराच्या कपाळाले माह्या हातचं कुंकू लागलं नाई. गावात कोनाची हळद असो, बारसं असो, मी दिसली का बाया ताट दुसरीकडं फिरवतेत. मले हासू येते. मी त्यायच्या नाकावर टिच्चून टिकली लावते, हिरवी साडी नेसते, हातात बांगड्या वाजवत त्यायच्या दारावरून जाते मी. नवरा मेला, मी नाई मेली!

तं यंदा मी ओवाळनार. पह्यले मी. पाहू कोन अडवते.

ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं फुकट देली. दर पानाखाली फवाऱ्याची जाहिरात हाय. मी सातवी शिकली, अक्षर कोंबडीनं पाय टाकल्यावानी. पन कोनाले वाचाले देयाची हाय! घरी एकटी असते, कोनाची मस्करी करू? भिंतीची? म्हनून लिहते.

माह्या पोराचा, सचिनचा, फ्लॅट पिपरी मेघेत तिसऱ्या माळ्यावर हाय. दारात जोडे ठेवाले कपाट, अन् मानसाले बसाले जागा नाई. मी तुरीच्या शेंगा आनल्या, बोरं आनली, हरभऱ्याची भाजी आनली. सून म्हने, "आई, शेंगा गॅलरीत ठेवते हं, अळ्या निघतात." निघतेतच! अळीले समजते काय चांगलं हाय ते. तुमच्या डब्यातल्या मटाराले तं अळीनं बी सोडून देलं.

२२ डिसेंबर, सोमवार

आंघोळीचं गरम पानी भिंतीतून येते. अंकिता, माही सून, म्हने, पाच मिनिटांत बटन बंद करा. नाई केलं. मुद्दाम.

२३ डिसेंबर, मंगळवार

वाढदिवसाले 'थीम' लागते म्हने. समोरच्या फ्लॅटातली वर्षाली हे धंदे करते. फुगे, पडदे, फोटो काढाची जागा. तिनं मोबाइलमंदी दाखवलं. यायची थीम हाय जंगल! कागदाची झाडं, प्लास्टिकच्या वेली अन् मानसाएवढा फुगवलेला वाघ.

मी म्हनलं, "बाई, वाघ भाड्यानं कायले आनता? गिरडाकडं चला. आमच्या इकडं तसाच फिरते."

"काहीतरीच काकू!"

"काहीतरीच काऊन? मागल्या महिन्यात माह्या दिराची कालवड नेली त्यानं. चार वाजले का आमी वावरातून घरी. बाया टोळीनं कापूस येचतेत, अन् एक जन निसता डबा वाजवते."

वर्षालीचं हासनं बंद झालं. मंग मी म्हनलं, "पन तुमचा चांगला हाय. हवा काढली का झोपते. आमच्यावाल्याले ती सोय नाई."

बोलावनं बी मोबाइलवरच. सारं इंग्रजीत. वेदूले म्हनलं, वाच बरं. म्हने, "आजी, यात लिहिलंय मी जंगलाची राणी आहे." घरात एक मच्छर चावला तं अर्धा घंटा बोंबलते रानी!

सचिनले म्हनलं, तुह्या वाढदिवसाले मी शिरा केलता अन् चार घरी वाटीत नेऊन देलता. तू तं त्यातच खुश होता. तो म्हने, "आई, तेव्हाची गोष्ट वेगळी." वेगळी कशी? तवा वाघ बाहेर होते, आता घरात घेऊन राह्यले.

२४ डिसेंबर, बुधवार

सुनेचे मायबाप आले. रामनगरात घर हाय त्यायचं, इथून हाकेवर, तरी सुट्ट्या सरेपर्यंत इथंच मुक्काम.

सुमतीबाई मुख्याध्यापिका होत्या. रिटायर झाल्या, पन शाळा काई सुटली नाई त्यायची. तोंडातला शब्द इस्त्री करूनच बाहेर काढतेत. "नलूताई, प्रवास सुखाचा झाला ना?" सुखाचा! हिंगनघाटपासून एक बकरी माह्या पायावर बसून होती. सकाळी उठल्या का कोमट पानी. मंग फिरनं. मंग रातचे भिजवलेले बदाम, साऱ्यायले चार-चार. मले बी देले. मी म्हनलं, "विहीनबाई, हे आधी खाल्ले असते तं मी ही सोयरीक केली असती का?"

व्याहीबुवा खो खो हासले. सुमतीबाई नाई. त्या उलीसे ओठ हालवतेत, पेपर तपासून मार्क देल्यावानी.

व्याहीबुवा, प्रभाकरराव, मानूस बरा हाय. पन या वयात केस काळेभोर! मी विचारलं, "डोस्क्याले जोड्याचं पालीश लावलं का?" म्हने, "नलूबाई, तुम्ही काही सोडत नाही!" कायले सोडीन? विहीन-व्याह्यायची मस्करी नाई कराची तं कोनाची कराची?

जेवताना अंकिता तिच्या मायले म्हने, "आई, ओवाळायला पाच जणी लागतात ना?" तिच्या मायले विचारलं, मले नाई. सुमतीबाईनं माह्याकडं पाह्यलं, मंग ताटातल्या भाताकडं पाह्यलं. "बघू नंतर," म्हनल्या.

मी समजली. तोंडानं बोलत नाई, पन भातात मान घालते ते मानूस मले ओळखू येते. सारे पुस्तकं वाचून झाले बाईचे, अन् डोस्क्यात तेच, पांढऱ्या कपाळाची नोको!

माहं कपाळ पांढरं नाई. आज दोन टिकल्या लावल्या, एकावर एक.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळची सुट्टी. सचिनच्या गाडीत सारे कोंबून पवनारले गेलो, नदीवर. वेदू माह्या मांडीवर, विहीनबाईचा कोपर माह्या बरगडीत.

मी म्हनलं होतं, पानगे करू. गोवऱ्यायच्या आरावर भाजलेले, वांग्याची भाजी, वरून तूप. धाम नदीच्या काठी बसून खाऊ, सहल तं तशी होते! सून म्हने, "आई, धूर होतो. सँडविच करू." थंडगार पाव, त्यात काकडी. दवाखान्यातल्यावानी बसून खाल्लं आमी. व्याहीबुवाचं तोंड तं पाहाले पाह्यजे होतं. सचिन "छान आहे, छान आहे" करत होता, अन् घरी आल्यावर सयपाकघरात उभ्या उभ्या दोन भाकरी माह्या तिखटासंग हानल्या. मी तवा काई बोलली नाई. सून आली मंग बोलली!

आश्रमात विहीनबाईनं आमाले सारं समजावून सांगतलं. कोनती मूर्ती कुठं सापडली, कोनत्या साली. आमी पोट्ट्यावानी रांगेत उभे. मी हात वर केला. "बाई, एकीले जाऊ?" वेदू हासून हासून खाली बसली. सचिननं कपाळाले हात लावला.

मंग नदीच्या पायऱ्यायवर बसलो. तिथं वेदू साऱ्यायसमोर म्हनली, "बर्थडेला आजी मला फर्स्ट ओवाळणार. आमचं प्रॉमिस आहे."

अंकितानं सचिनकडं पाह्यलं. सचिननं मोबाइलकडं. सुमतीबाई पान्याकडं पाहत होत्या. "हो का गं?" येवढंच म्हनल्या.

हो का गं!

मी म्हनलं, "काऊन, माह्या हाताले काटे हायेत का?" व्याहीबुवा म्हने, चला फोटो काढू. झालं! सारे दात काढून उभे राह्यले.

गावच्या बाया बऱ्या म्हनाव्या. त्या तोंडावर ताट फिरवतेत. हे लोक फोटो काढतेत.

२६ डिसेंबर, शुक्रवार

विहीनबाईले नदीच्या वाऱ्यानं सर्दी झाली. कोमट पानी काय करत होतं मंग? विचारलं मी. दोनदा विचारलं.

२७ डिसेंबर, शनिवार

घरभर फुगे. पाय ठेवाले जागा नाई, ठेवला तं फटकन आवाज. वर्षाली अन् अंकिता सकाळपासून कागदाचे पानं चिकटवून राह्यल्या. खरी पानं खाली पडली हायेत सोसायटीच्या आंगनात, ती झाडूवाली जाळते. ही विकत आनून चिकटवतेत.

दुपारी वेदूनं तालीम केली. पाट नाई यायच्या घरी, म्हनून उशी टाकून बसली. ताटात सुपारीच्या जागी बोर, दिव्याच्या जागी टॉर्च. "ओवाळ आजी." मी ओवाळलं. म्हने, "आजी, तुझा हात काऊन हलतो?" माह्यासंग राहून 'काऊन' म्हनाले लागली, तिची माय ओरडते. मी म्हनलं, "थंडी हाय बेटा." म्हने, "मग उद्या स्वेटर घाल." हिरव्या साडीवर स्वेटर! मी तिले म्हनलं, तू जंगलाची रानी, मी जंगलातली अस्वल.

ती फुगे फोडाले पळाली. मी ताट धुतलं. धुतलेलंच होतं तसं.

संध्याकाळी सुमतीबाईनं मले सयपाकघरात बोलावलं अन् दार ओढून घेतलं. काय बोलनं झालं ते मी लिहत नाई.

बाहेर आली तं डोळे लाल होते माहे. सचिन सोफ्यावरच होता. "आई, काय झालं? काय म्हणाल्या त्या?"

"काई नाई रे. कांदा कापत होती."

"कांदा कुठं आहे?"

मी म्हनलं, "शिकलेल्या लोकायचा कांदा दिसत नाई बाबू. निसता झोंबते."

लय भारी बोलली असं वाटलं मले. सचिनचं तोंड उतरलं.

२८ डिसेंबर, रविवार

झाला एकदाचा वाढदिवस. झाला म्हनावा का होऊन फसला म्हनावा!

सोसायटीच्या गच्चीवर मांडव. थंडी अशी का दात वाजते, अन् पोरी बिनबाह्याच्या फ्रॉकात. वाघाले दोरीनं पान्याच्या टाकीले बांधलं, वाऱ्यानं उडून जाईन म्हनून. गानं असं मोठं का शेजारचा मानूस बोलला तं निसते ओठ दिसते. एक बाई पोट्ट्यायच्या तोंडावर रंगानं मिशा काढून राह्यली होती. मी बी काढून घेतल्या. व्याहीबुवाले म्हनलं, पाहा, माह्या मिशा तुमच्याहून काळ्या. पालीशचा पत्ता तिले बी माहीत हाय!

केक बी वाघाच्या तोंडाचा. पोरीनं सुरी घेऊन वाघाचा कान कापला अन् साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या. त्याच्याआधी मेनबत्त्या फुंकून विझवल्या. वाढदिवसाले दिवा विझवतेत! विझवला का पुन्हा टाळ्या. या लोकायले कशाची बी टाळी वाजवाले देऊन पाहा.

मंग ओवाळनं. वर्षालीनं पाट आनला होता, सोनेरी. थर्माकोलचा! त्यावर बसता येत नाई, तो फोटोपुरता. वेदू खुर्चीवर बसली. मी मिशा पुसून घेतल्या.

अंकितानं ताट घेतलं. निरांजन, अक्षता, सुपारी, अंगठी, सारं बरोबर होतं. मले वाटलं ती मायकडं जाईन. पन ती सरळ माह्याकडं आली. "आई, या. वेदू थांबलीय."

सारी गच्ची पाहून राह्यली. वर्षालीनं मोबाइल वर धरला. वेदूनं तोंड पुढं केलं अन् डोळे मिटून घेतले. ताट माह्या हातापासून वीतभर लांब.

अन् मी हासत हासत, मोठ्यानं म्हनलं, "आधी विहीनबाईले तं विचार माय, चालते का त्यायले!"

मस्करी होती. माही सवयच अशी. पन कोनी हासलं नाई. गानं बी नेमकं तवाच थांबलं. साऱ्यायच्या माना सुमतीबाईकडं फिरल्या. त्यायच्या हातात केकची प्लेट होती. त्या माह्याकडं पाहत राह्यल्या. बोलल्या काहीच नाई. एक शब्द नाई! येरवी तं मूर्तीचं साल बी पाठ सांगतेत.

मी मांगं सरकली, पान्याच्या जारपाशी.

मंग पाच जनी गोळा केल्या. वेदूनं डोळे उघडले तं समोर वर्षाली. जी रडली पोरगी! "आजी फर्स्ट! आजी फर्स्ट!" पाच जनीईनं ओवाळलं, पाचायनं रडत्या पोरीले ओवाळलं. कुंकू नाकावर आलं. फोटो साऱ्याईनं काढले.

घरी आल्यावर सचिन विहीनबाईसमोर उभा राह्यला. "काल काय म्हणालात तुम्ही माझ्या मायला?" रागात आला का त्याच्या तोंडी 'माय' येते, नाईतं इथं मी 'आई'.

सुमतीबाईनं खांद्यावरची शाल काढून घडी केली.

"दार लावून काय म्हणालात? रडत बाहेर आली ती! आणि आज तिला सगळ्यांसमोर मागं सरकावं लागलं. माझ्या घरात!"

व्याहीबुवा म्हने, "अहो जावईबापू, असं काही..." अंकिता मायले म्हने, "आई, बोल ना काहीतरी!" नाई बोलल्या. आतमंदी गेल्या अन् बॅग भरून आनली. निंगताना माह्यापुढं थांबल्या. "येते नलूताई," म्हनल्या.

गेल्या. जेवल्या बी नाई.

२९ डिसेंबर, सोमवार

बरं झालं गेल्या. घर मोकळं झालं. बदाम बी गेले.

वेदू माह्याशी बोलून नाई राह्यली. मी तिले बोर देलं, तिनं नाई घेतलं. मी वाघ होऊन तिच्या मांगं धावली, तं म्हने, "आजी, प्लीज." सहा वर्साची पोर 'प्लीज' म्हनते अन् मानसाले चार हात लांब करते. हे इथं शिकवतेत.

सचिन हापिसात गेला, त्याले सुट्टी नाई. जाताना माह्या पाया पडला. कायले? सन नाई, वार नाई. म्हने, "माय, तू मनाला लावून घेऊ नको. त्यांना मी या घरात पाय ठेवू देणार नाही." मी म्हनलं, "इतकं कायले रे?" म्हने, "तू गप बस. आयुष्यभर गपच बसली."

मी अन् गप! या पोरानं मले कदी पाह्यलंच नाई का?

विहीनबाईचा फोन नाई आला. भांडल्या असत्या तं बरं होतं. भांडाले बी शिकल्या नाई बाई इतक्या शाळेत राहून.

३० डिसेंबर, मंगळवार

अंकितानं आज भाजी चिरता चिरता सरळ विचारलं. "आई, खरं सांगा. माझी आई तुम्हाला काय म्हणाली?"

मी म्हनलं, "जाऊ दे माय. झालं गेलं."

'झालं गेलं' म्हनलं का मानूस समजते काहीतरी झालं होतं. मले माहीत होतं ते. तरी म्हनलं.

तिनं चाकू ठेवला अन् माह्यासमोरच मायले फोन लावला. "आई, तू शाळेत समानतेवर भाषणं करायचीस ना? मुलींना वक्तृत्वाला बसवायचीस! आणि घरात हे? मला लाज वाटते तुझी. लाज वाटते." इकडून हिचं रडनं. तिकडून काय बोलनं झालं कोनास ठाऊक, मले काईच ऐकू नाई आलं. मंग तिनं फोन ठेवला अन् माह्या खांद्यावर डोस्कं टेकवलं. इतक्या वर्सात पह्यल्यांदा. केसायले शांपूचा वास.

"सॉरी आई," म्हने. मले!

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. भाजी करपली. कारल्याची होती, कोनाले समजलं बी नाई.

३१ डिसेंबर, बुधवार

व्याहीबुवा आले. एकटेच. वेदूले सायकल आनलती, वाढदिवसाची, ती द्याची राहून गेलती. दारातच उभे. सचिननं 'या' नाई म्हनलं. मीच म्हनलं, या, बसा. ते जोडे घालूनच राह्यले.

मी म्हनलं, "व्याहीबुवा, पालीश उडून राह्यलं तुमचं, कानाच्या वर पांढरं दिसते."

नाई हासले. "तीन दिवसांत लक्षच नाही गेलं," म्हने. मंग हळूच, "सुमती नीट जेवत नाही. मी विचारतो, तू असं काय बोललीस? तर म्हणते, मला विचारू नका. एकोणचाळीस वर्षांत तिनं माझ्यापासून काही लपवलं नाही, नलूबाई. तुम्हीच सांगा. ती चुकली असेल तर मी तुमची माफी मागतो." अन् हात जोडले! पांढऱ्या केसाच्या मानसानं, दारात उभं राहून, पोरीच्या सायकलीजवळ.

"च्या घ्या," म्हनलं.

नाई घेतला. गेले.

खाली वेदू सायकल चालवून राह्यली. गॅलरीतून मी आवाज देला, हळू चालव! तिनं वर पाह्यलं नाई. आज ते बारा वाजेपर्यंत जागनार हायेत, नवीन वर्स पाहाले. नवीन वर्स काय दिसते? पन कोनी फटाके आनले नाई. सचिन म्हने, यंदा मूड नाही. मी सांगतलं, मले उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ द्या, कापूस पडला हाय. तं म्हने, "बिलकुल नाही. तू आता इथंच राहायचं. मानानं."

मानानं!

१ जानेवारी, गुरुवार

सुमतीबाई मले वाईट काईच बोलल्या नाई. दार ओढून त्यायनं माहे दोन्ही हात धरले अन् म्हनल्या, "नलूताई, उद्या पहिलं ओवाळणं तुमचं. कोणी काही बोललं तर मी शेजारी उभी आहे." मीच म्हनलं, नोको. मीच रडली. मले भेव वाटते, विधवेच्या हातानं पोरीले काई झालं तं? मी मानते ते सारं. लहानपनापासून मानते. म्हनलं, कोनाले सांगू नोका, माही लाज जाईन.

त्यायनं नाई सांगतलं. मी बी नाई.